कुत्रं अंगावर आलं तर आधी पाय थांबवा

सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीची बस आम्हाला चौकात सोडते आणि तिथून पुढे प्रत्येकाने आपापलं चालत घरी जायचं. वाटेत चिकनची दुकानं लागतात, त्यांच्या मागे कचरा टाकलेला असतो आणि रात्री साडेबारानंतर तो अख्खा पट्टा कुत्र्यांचा. मागच्या आठवड्यात आमच्या बसमधला एक नवीन पोरगा त्यांना बघून पळाला, खडीवरून घसरून पडला, कोपर फुटलं आणि पोटरीलाही दात लागले. त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकू.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे लागणं कुत्र्याच्या रक्तातच आहे आणि आपण कितीही जोरात पळालो तरी ते आपल्याला गाठणारच. जागेवर थांबायचं, थोडं तिरकं उभं राहायचं, त्याच्या डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, हात छातीजवळ घ्यायचे, उगाच हवेत हलवायचे नाहीत. बहुतेक वेळा ते दोन-चार हातांवर येऊन भुंकतं आणि थांबतं. मग पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे सरकायचं. हे वाचायला सोपं वाटतं पण त्या वेळी काळजाचं पाणी होतं हो, म्हणूनच आधीपासून डोक्यात पक्कं बसलेलं पाहिजे.

टोळी असेल तर वेगळी गोष्ट. समोर उभं राहून जोरजोरात भुंकणारं कुत्रं आपलं सगळं लक्ष खेचून घेतं, आणि दुसरं एखादं आवाज न करता मागून पायाशी येतं, चावतं ते बऱ्याचदा हेच. त्यामुळे पहिल्यांदा पाठीला भिंत, शटर, उभी असलेली गाडी, जे मिळेल ते घ्यायचं. आणि शेपटी हलतेय म्हणजे माया करतंय असं धरून चालायचं नाही, अंग ताठ, मान खाली, ओठ वर आणि आवाज नाही, असं कुत्रं दिसलं की जास्त सावध.

मग आपल्या आणि त्याच्या मधे काहीतरी धरायचं. सॅक खांद्यावरून काढून पुढे धरा, डब्याची पिशवी, हेल्मेट, छत्री, काहीही चालेल. त्याने पिशवी पकडली तर सोडून द्या पिशवी, डबा नवीन घेता येतो. जड आवाजात एकदाच ‘हाड!’ म्हणायचं, किंचाळायचं नाही. दगड उचलायला वाकल्यासारखं केलं तरी गल्लीतली कुत्री मागे हटतात, पण हे लांब असेल तरच, अगदी जवळ आलेलं असताना वाकलात तर आपलं तोंड त्याच्या जबड्यासमोर जातं.

पकडलंच तर हात-पाय हिसका देऊन ओढू नका, ओढल्याने मांस फाटतं. दुसऱ्या हाताने शर्ट, पिशवी त्याच्या तोंडाशी कोंबा, मदतीसाठी ओरडा. खाली पडलात तर गुडघे पोटाशी घ्या, हनुवटी छातीला लावा आणि दोन्ही हात मानेवर नि कानांवर.

बाइकवाल्यांनी पाय वर घेऊन ॲक्सिलरेटर पिळू नये, तोल तिथेच जातो. वेग कमी करा, गरज पडली तर थांबा, गाडी थांबली की बहुतेक कुत्र्यांचा जोर ओसरतो. लहान पोरांना तर स्टॅच्यूच्या खेळासारखं उभं राहायला आत्ताच शिकवा, कारण त्यांच्या उंचीमुळे चावा थेट तोंडावर किंवा मानेवर बसतो, हे मला मनापासून सांगायचंय.

कुत्री उचलायची की नाही यावर भांडणं चालूच आहेत. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून कुत्रं परत त्याच भागात सोडतात, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचेही आदेश आले. ते मार्गी लागेल तेव्हा लागेल, आम्हाला आज रात्री त्याच रस्त्याने जायचंय.

आणि दात लागला, नुसता ओरखडा असला तरी, ‘काय होतंय एवढ्याने’ म्हणू नका. उत्तर प्रदेशातला एक तरुण कबड्डीपटू २०२५ मध्ये रेबीजने गेला, नाल्यातून वाचवलेल्या पिल्लाने त्याला जरासं चावलं होतं आणि त्याने लस घेतली नव्हती. लक्षणं दिसायला लागली की जवळपास कुणीच वाचत नाही. जखम वाहत्या नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काहीही भरायचं नाही. कुत्रं पाळीव आहे, दहा दिवस लक्ष ठेवू म्हणत लस लांबवायची नाही, लक्ष ठेवा पण पहिला डोस लगेच घ्या. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, आता दंडावर देतात, सरकारी दवाखान्यात साधारणपणे पहिल्या दिवशी, मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. रक्त आलं असेल तर जखमेत सिरमही (रेबीजच्या विषाणूला लगेच रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आपण होऊन विचारा. तिथं नसेल तर लस घेऊन लगेच जिल्हा रुग्णालय गाठा, कारण सिरम पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आतच देता येतं.