कर्ण मोजलाय का?

गणिताच्या इतिहासावर व्याख्यान ठरलं की संयोजक फोनवर एक गोष्ट हमखास विचारतात, ‘लीलावतीची कथा सांगणार ना?’ म्हणजे मुहूर्ताची वेळ मोजणाऱ्या घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, मुलीचं लग्न राहिलं आणि तिच्या समाधानासाठी भास्कराचार्यांनी आपल्या गणिताच्या ग्रंथाला तिचं नाव दिलं, ती कथा. मी ती सांगते. मात्र ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात कुठेही नाही, हेही सांगते. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. मूळ ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. मधे चारशेहून जास्त वर्षं गेलेली. हे सांगितलं की सभागृहात थोडी नाराजी पसरते. लोकांना मोती हवा असतो. माझ्या मते त्या ग्रंथात मोत्यापेक्षा कितीतरी मोलाचं पडलेलं आहे आणि ते लोकांपर्यंत नेणं एवढंच माझं काम आहे.

या कामात मी प्रोजेक्टर वापरत नाही. पडद्यावर सूत्र उमटलं की मागच्या दोन रांगा मनाने घरी जातात, हे मी फार वेळा पाहिलंय. माझ्या पिशवीत सुतळीचा गुंडा, खडू, मोजायची टेप आणि टोकांना भोकं पाडलेल्या बांबूच्या पट्ट्या असतात. पट्ट्या जोडायला हाताने पिळता येतील असे नट-बोल्ट. पट्ट्यांची लांबी मी ठरवून कापून घेतली आहे : १४, ९, १३ आणि १२ इंच. हे आकडे माझे नाहीत, लीलावतीतले आहेत.

त्या रविवारी सकाळी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयाचा वर्धापनदिन होता. चाळीसगावजवळचं पाटणं तिथून फार लांब नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख पाटण्याच्या भवानीच्या देवळात आहे. तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, शेवटी मात्र जुनी मराठी येते आणि ती बोलते बाजारावर : विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा कोणता वाटा मठाला, घाण्यामागे किती तेल मठाला. गणित शिकवणारी संस्था तेलाच्या घाण्यांवर चालत होती, हे सांगितलं की पुढच्या रांगेतले व्यापारी सावरून बसतात.

मोर आणि सापाचं गणित झालं. नऊ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी साप राहतो ते बीळ, आणि सत्तावीस हातांवरून बिळाकडे येणारा साप. दोघं सारखंच अंतर कापतात, तर मोराने सापाला बिळापासून किती हातांवर पकडलं? बारा हात. ते सुतळीने करून दाखवलं. मग मी पट्ट्यांची चौकट जोडली आणि ती माझ्या आवडीची जागा आली.

चार बाजू दिल्या आहेत, क्षेत्रफळ सांगा. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने याची दोन उत्तरं दिली. एक स्थूल : समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करा. इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाच्या भिंतींवर कोरलेल्या जमिनींच्या नोंदींतही हाच नियम आहे. दुसरं सूक्ष्म : चारही बाजूंची बेरीज निम्मी करा, तीतून एकेक बाजू वजा करा, येणाऱ्या चार संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसत असतील तर हे उत्तर अचूक असतं. ब्रह्मगुप्ताने ही अट शब्दांत सांगितलेली नाही. भास्कराचार्य मात्र हा नियम देतानाच म्हणतात, त्रिकोणाला हा स्पष्ट, चौकोनाला अस्फुट. मग ते माझ्या पट्ट्यांचं उदाहरण घेतात : पाया १४, माथा ९, बाजू १३ आणि १२, लंब १२. नियमाने १४० च्या वर येतं, खरं क्षेत्रफळ आहे १३८. सरासरीच्या स्थूल नियमाने तर १४३.७५.

आणि मग तो श्लोक येतो, ‘स पृच्छकः पिशाचो वा वक्ता वा नितरां ततः’. चौकोनाची स्थिती नुसत्या बाजूंनी ठरत नाही हे न कळता क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच. एक कर्ण किंवा एक लंब सांगा, मगच विचारा. हे म्हणत मी चौकट हातात धरून तिरकी करत गेले. बाजू त्याच, बोल्ट तेच, पोटातली जागा आक्रसत गेली. पाठ्यपुस्तकात चौकोन छापलेला असतो, तो हलत नाही. मुलांना ही गोष्ट कधी दिसतच नाही. माझी ही जुनी तक्रार आहे.

कार्यक्रम संपल्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ टेबलाशी आले. हातात खरेदीखताची झेरॉक्स. चतुःसीमा लिहिलेल्या आणि चार लांब्या : उत्तरेकडून १२१ फूट, पूर्वेकडून ९८, दक्षिणेकडून १०६, पश्चिमेकडून ७४. खाली ‘क्षेत्र सुमारे नऊ गुंठे’.

‘मॅडम, बरोबर आहे का हे?’

‘कर्ण मोजलाय का?’

‘तोच तर नाही.’

त्यांच्या वडिलांनी घेतलेला हा बिनशेती प्लॉट. वडील गेल्यावर दोन भावांत वाटणी झाली, मधे कुंपण पडलं. यांनी घरकर्जासाठी अर्ज केला तेव्हा बँकेच्या इंजिनिअरने यांचा हिस्सा मोजला आणि ४,६०० चौरस फूट लिहिला. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, १,०८९ चौरस फूट. नवाचे निम्मे साडेचार गुंठे, ४,९०० चौरस फूट. म्हणजे तीनशे फूट कमी. ‘कुंपण दादाने सरकवलं,’ ते म्हणाले. दादा चार खुर्च्या सोडून बसलेले होते. दोघं एकाच व्याख्यानाला आले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

मी टेबलावरच आकडेमोड केली. पूर्व-पश्चिमेची सरासरी ८६, उत्तर-दक्षिणेची ११३.५, गुणाकार ९,७६१. नऊ गुंठ्यांना चाळीस चौरस फूट कमी. खरेदीखतातले नऊ गुंठे आले कुठून ते कळलं : ब्रह्मगुप्ताचा स्थूल नियम, आजही जसाच्या तसा वापरात असलेला. मग मी सूक्ष्म नियम लावला, कारण त्याचा एक वेगळा उपयोग आहे. दिलेल्या चार बाजूंनी जास्तीत जास्त जेवढी जागा वेढता येते, तेवढी तो सांगतो. उत्तर आलं साधारण ९,६६९. नऊ गुंठे म्हणजे ९,८०१.

‘कर्ण मोजण्याआधीच एक गोष्ट सांगते,’ मी म्हणाले, ‘चौकट कशीही वळवा, या चार बाजूंच्या आत नऊ गुंठे जमीन मावतच नाही.’

थोरले खुर्चीवरून उठून आले. ‘परत म्हणा.’ मी परत म्हटलं. हे वाक्य मी आधी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. वर्तुळात बसणारा चौकोन सर्वांत मोठा, हे प्रमेय मी लिहिलंय, सुंदर म्हणून शिकवलंय. ते असं दोन भावांच्या मधे ठेवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

जेवण बाजूला ठेवून आम्ही प्लॉटवर गेलो. वायव्येच्या दगडापासून आग्नेयेच्या दगडापर्यंतचा कर्ण घ्यायचा होता. मधे बाभळीचं झुडूप, शिवाय भावांचं कुंपण. अशा वेळी टेप सरळ धरल्यासारखी वाटते पण वाट चुकते, आणि वाट चुकली की लांबी वाढूनच येते. म्हणून मधे काठ्या रोवून घेतल्या. एका दगडापाशी उकिडवं बसून एका डोळ्याने पाहिलं की सगळ्या काठ्या एकीमागे एक दडल्या पाहिजेत. थोरल्यांच्या नातवाने झुडूप छाटलं. नायलॉनची दोरी ताणली, कुंपणाच्या तारांमधून पलीकडे काढली, तिच्या कडेने टप्प्याटप्प्याने टेप लावली. १६० फूट. इंच-दोन इंच इकडेतिकडे.

पुढचं गणित धाकट्यांच्या मुलीने केलं. नववीतली मुलगी, तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं, आठवीच्या पुस्तकातलं हेरॉनचं सूत्र तिला पाठ होतं. मोबाइलवर एकेक गुणाकार करत तिने दोन त्रिकोण काढले : ५,९१९ आणि ३,२३२. बेरीज ९,१५१ चौरस फूट. आठ गुंठे आणि वर साडेसहा आण्यांच्या आतबाहेर (गुंठ्याचे सोळा आणे). धाकट्यांकडे ४,६०० असतील तर थोरल्यांकडे उरले ४,५५१. तीनशे फूट कुणीच खाल्ले नव्हते. ते कधी नव्हतेच.

हिशोब सगळ्यांना पटला, पण धाकट्यांना एक गोष्ट पटेना आणि त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, ‘ताई, चारी बाजू कागदाप्रमाणे आहेत. आताच मोजून पाहिल्या. मग जमीन गेली कुठं?’

चौकट पुन्हा तिरकी करून दाखवणं पुरेसं नव्हतं. जमीन कमी होते हे त्यांना दिसलंच होतं. नियम नेहमी जास्तच का दाखवतो, हे त्यांना हवं होतं. मी चौकट सोडवली आणि दोनच पट्ट्या एका बोल्टने जोडून मातीवर ठेवल्या. दोन बाजूंमधला कोन बदलत जा, त्रिकोण सर्वांत मोठा कधी? काटकोनात. तेव्हा त्याचं क्षेत्रफळ दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्मं. कोन उघडा किंवा मिटवा, ते कमीच होणार. आता प्लॉट एका कर्णाने दोन त्रिकोणांत कापा; प्रत्येक त्रिकोण आपल्या दोन बाजूंच्या निम्म्या गुणाकाराहून मोठा असू शकत नाही. दुसऱ्या कर्णाने कापा, तिथेही तेच. चारही मर्यादा मिळवा आणि प्लॉट दोनदा मोजला गेला म्हणून निम्म्या करा. जे येतं ते नेमकं सरासऱ्यांचा गुणाकार. म्हणजे तो नियम क्षेत्रफळ सांगत नाही, क्षेत्रफळाच्या डोक्यावरची मर्यादा सांगतो. चारही कोपरे काटकोनात असतील तेव्हाच दोन्ही जुळतात.

मुलीने काडीने मातीत चार गुणाकार लिहिले, बेरीज केली, निम्मं केलं आणि मान हलवली. थोरले बराच वेळ त्या मातीतल्या आकड्यांकडे बघत होते.

‘म्हणजे जमीन वाकडी असली की नियम जास्तच दाखवणार. कमी कधीच नाही?’

‘कधीच नाही.’

‘मग विकणारा तो नियम कशाला सोडेल?’

इथेच मी अजून अडकून आहे. धाकट्यांनी लगेच दुसरं टोक गाठलं, ‘म्हणजे आमच्या बापाला फसवलं.’ मी सांगायचा प्रयत्न केला की हा नियम चौदाशे वर्षांपूर्वीही लिहिलेला होता, अजून सगळीकडे चालतो, विकणाऱ्याने कदाचित तोच सरळ मनाने वापरला असेल. तो माणूसही आता हयात नाही. एका भावावरचा संशय गणिताने दूर केला आणि तो तसाच शेजारच्या घराकडे वळला. संशय कुठे जावा हे गणित ठरवत नाही. माझी आकडेमोड कायद्याला चालणार नाही, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, हेही मी बजावलं. त्या खात्याच्या जुन्या मोजणी-टिपणांत हीच रीत दिसेल : शेताच्या मधून एक लांब रेघ आणि तिच्यापासून दोन्हीकडच्या कोपऱ्यांना लंब. शंकू-साखळीने मोजणाऱ्यांना नुसत्या चार बाजू घेऊन भागत नाही हे पक्कं माहीत होतं. प्लॉट विकताना मात्र तेच ज्ञान गायब होतं, याचा मला मनापासून राग येतो.

संध्याकाळी संयोजकांनी नाराजी बोलून दाखवली. भास्कराचार्यांच्या गौरवाचा कार्यक्रम होता, त्यात प्लॉटचं भांडण नको होतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते अजिबात मान्य नाही. लीलावती उघडली की सुरुवातीलाच नाणी, वजनं, धान्याची मापं आणि निवर्तन हे जमिनीचं माप येतं. पुढे व्याज, खणलेले खड्डे, करवतीने कापलेलं लाकूड, धान्याच्या राशी. तो माणूस झेरॉक्स घेऊन आला तेव्हाच त्या दिवशीचा खरा गौरव झाला. हार घातलेल्या फोटोसमोर झाला नाही.

माझ्या नव्या पुस्तकातलं हे प्रकरण भास्कराचार्यांच्या जन्मसालापासून सुरू होत होतं. आता ते १२१, ९८, १०६ आणि ७४ या आकड्यांपासून सुरू होतं, वाचकाला आधी सरासरी काढू देतं, नऊ गुंठ्यांवर विश्वास ठेवू देतं. संपादकांना शंका आहे की पहिल्याच पानावर एवढे आकडे पाहून लोक पुस्तक मिटतील. मला तसं वाटत नाही. आकडे आपल्या जमिनीचे असले की लोक मातीत बसून गुणाकार करतात, हे मी पाहिलंय.

परवा धाकट्यांचा फोन आला. मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून दिलाय, सह्या दोघांच्या. मग म्हणाले, ‘ताई, त्याच माणसाने आजूबाजूला अजून तीन प्लॉट विकलेत. त्यांच्या बाजू पाठवू का?’

मी म्हटलं, पाठवा, पण कर्णासकट.