'यशस्वी' दाखवतंय, पैसा मात्र नाही

ऑक्टोबरमधली सकाळ, कापूस वेचणी सुरू, म्हणून शहाद्याजवळच्या सेवा केंद्रावर गर्दी कमी. एका आजींनी पिशवीतून पासबुक काढलं. "भाऊ, मना पैसा उनात का?" श्रावणबाळ निवृत्तिवेतनाचे महिन्याचे 1,500 जानेवारीपासून नाहीत. तहसीलच्या यादीत दर महिन्याला 'यशस्वी', आणि बँक म्हणते आमच्याकडे छदाम आला नाही. दोघंही खरंच बोलत होते.

आधारवर पैसा निघतो तेव्हा त्यासोबत खाते क्रमांक नसतोच. बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयच्या मॅपरमध्ये, म्हणजे कुठल्या आधाराला कुठली बँक याच्या यादीत, त्या आधारापुढे एकाच बँकेचं नाव असतं, सर्वांत शेवटी जोडलेल्या बँकेचं. पैसा तिकडेच जातो. खात्याला आधार दिला म्हणजे केवायसी, नुसती ओळख पडताळणी झाली. सीडिंगला, म्हणजे मॅपरमध्ये बँकेचं नाव लावायला, वेगळं संमतीपत्र लागतं. हा फरक काउंटरपलीकडच्यांनाही पुष्कळदा सांगावा लागतो.

खातं बंद असेल, तर रक्कम सरकारकडे परत जाते आणि यादीत तसं दिसतं. इथे परत गेलेलं काहीच नव्हतं. म्हणजे पैसा कुठेतरी जमा होऊन बसला होता.

'माय आधार' या संकेतस्थळावर बँक सीडिंग पाहायला ओटीपी लागतो, आणि आजींच्या आधारावरचा मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. नंबर बदलला की आधारात कळवायचं असतं, हे मात्र अजून गावोगाव सांगतोय. मग उरलं बोट. मशीनवर एकेक बँक निवडून शिल्लक बघायची. बोंडं वेचून अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या, तो लागेना. ओल्या फडक्याने हात पुसून मधलं बोट ठेवलं. तिसऱ्या बँकेवर चिठ्ठी निघाली: नऊ हप्त्यांचे 13,500 आणि वर थोडं व्याज. पेमेंट बँकेचं, म्हणजे कर्ज न देणाऱ्या छोट्या बँकेचं, खातं. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत सिम घेताना दोनदा अंगठा दिला होता म्हणे.

बोटावर एका वेळी 10,000 च निघतात, बाकीचे दुसऱ्या दिवशी. आजींच्या नेहमीच्या बँकेच्या संमतीपत्रात 'नवीन सीडिंग' नव्हे, 'दुसऱ्या बँकेतून बदल' यावर खूण केली आणि जुनी बँक म्हणून त्या पेमेंट बँकेचं नाव लिहिलं. ती ओळ कोरी राहिली की अर्ज अडकतो. मॅपर बदलेपर्यंत पुढचा हप्ताही पेमेंट बँकेच्याच खात्यात पडू शकतो, म्हणून ते खातं लगेच बंद करायचं नाही.

"आणि ते सिम?"

"नातूना मोबाइलमा शे."

नातवाला बोलावलं. नऊही हप्त्यांचे मेसेज त्याच्या फोनमध्ये होते, इंग्रजीत. कंपनीची जाहिरात समजून त्याने एकही उघडला नव्हता.