अर्धी नमो मारिया

राहात्याहून निघालो तेव्हा शुक्रवारचे दुपारचे तीन वाजले होते आणि पाऊस नुकताच उघडला होता. आम्ही सदतीस जण. पुढे टेम्पोत मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मूर्ती, तिच्याभोवती झेंडूच्या माळा आणि टपावर एक कर्णा. त्याचा आवाज दर अर्ध्या तासाने घसा बसल्यासारखा व्हायचा. नगर-मनमाड रस्त्यावर कुणी अनवाणी चालताना दिसलं की बघणारा धरूनच चालतो, हा शिर्डीला निघालाय. शिर्डी तर आमच्या पाठीमागे राहिलेली. पहिल्याच टपरीवरचा चहावाला ओरडला, "अहो मावशी, बाबा तिकडं राहिले की!"

"आम्ही आईकडं चाललोय," वळणच्या मावशी म्हणाल्या. "हरेगावला."

"असं होय, मतमाउली!" त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. साखर मात्र दुप्पट घातली होती.

वळणच्या मावशी आमच्या नात्यातल्या नव्हेत. राहुरी तालुक्यातलं वळण हे त्यांचं माहेर, म्हणून सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात. वय सत्तरीच्या पुढे, पायात रबरी चप्पल, कमरेला बटवा. ही कितवी वारी विचारलं तर म्हणाल्या, "मोजीत बसले तर चालणार कवा?"

वारी, दिंडी, माउली हे शब्द आम्ही कुणाकडून उसने आणलेले नाहीत. ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, तिथले ख्रिस्ती मरियेला माउली नाही म्हणणार तर काय म्हणणार? आमच्याही भजनाला टाळ लागतात.

हरेगाव श्रीरामपूरपासून आठ-दहा किलोमीटरवर. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं गाव; कारखाना आता बंद, भिंतींतून पिंपळ उगवलेत. माझे आजेसासरे तिथे उसाच्या फडात कामाला होते. १६ डिसेंबर १९३९ ला तिथे महार वतनदारांची परिषद झाली, बाबासाहेब बोलले, ते त्यांनी मागच्या रांगेत उभं राहून ऐकलं. ही गोष्ट आमच्या घरी येशूच्या जन्माच्या गोष्टीइतक्याच वेळा सांगितली जाते. तिथल्या संत तेरेजा चर्चमध्ये सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस, तो धरून. नवस बोलायला आणि फेडायला लोक येतात, त्यातले निम्मे नवस मुलाबाळांचे.

मी नवस बोलायला चालले नव्हते. फेडायला तर काहीच नव्हतं. नवरा म्हणाला, "चल, चालून तर बघू," एवढंच.

फेब्रुवारीत एकोणिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी होती. डॉक्टर आधी बोलत होत्या, मग बोलायच्या थांबल्या. पोटावर फिरणारं यंत्र एकाच जागी थांबलं. मग त्यांनी विचारलं, "सोबत कोण आहे?" हा प्रश्न ऐकला की पुढचं काही ऐकावं लागत नाही.

दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, 'मिस्ड ॲबॉर्शन'. पोटातल्या पोटात ठोके थांबले तर वैद्यकात त्याला असं म्हणतात, हे नंतर कळलं. तोवर मी तो कागद चार घड्या घालून साड्यांखाली दडवून ठेवला होता, कारण ॲबॉर्शन हा शब्द मी लहानपणापासून फक्त पापांच्या यादीत ऐकलेला. तिसऱ्या दिवशी दूध आलं. असं होऊ शकतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी न बोलता कोबीची पानं फ्रीजमध्ये गार करून आणून दिली आणि पाठ करून बसून राहिल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

भेटायला येणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. 'देवाची मर्जी', 'अजून वय आहे', 'पहिलं असंच जातं कधीकधी'. एक चुलत आत्या मात्र बोलून गेली, "बाप्तिस्मा नव्हता ना झालेला... मग ते लिंबोत गेलं असंल." लिंबो म्हणजे बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांची स्वर्गाबाहेरची जागा. ते मला आठवडाभर झोपू देईना. शेवटी फादरांना विचारलं. फादर स्वभावाने तुटक, सांत्वन त्यांना जमत नाही. त्यांनी उठून कपाटातून कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचं पुस्तक, काढलं आणि १२६१ वा परिच्छेद बोट ठेवून वाचायला दिला: बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं, आणि 'बालकांना माझ्याकडे येऊ द्या' म्हणणारा येशू त्यांनाही येऊ देईल अशी आशा धरतं. लिंबो ही जुन्या पंडितांनी लढवलेली अटकळ होती, मानलीच पाहिजे अशी शिकवण ती कधीच नव्हती, असं ते म्हणाले. २००७ मध्ये रोमच्या ईशज्ञान आयोगानेही आशेला जागा आहे असंच लिहिलंय. "आत्याला सांग," म्हणाले, "आणि जेवत जा." मी आत्याला सांगितलं नाही. पण झोप लागायला लागली.

लागेना ती प्रार्थना. जपमाळेत नमो मारिया ही मरियेची प्रार्थना त्रेपन्न वेळा येते. प्रत्येक नमो मारियेत एक ओळ आहे: 'धन्य तुझ्या उदराचे फळ'. एकटी बसले की माझी जीभ तिथे थांबायची. त्रेपन्न वेळा कोण थांबणार? मी माळ खुंटीला अडकवून ठेवली.

चर्चमध्ये मात्र निभायचं. तिथे पहिला अर्धा भाग सांगणारा म्हणतो आणि 'हे पवित्र मारिये, देवाच्या माते' पासून पुढचा अर्धा सगळे मिळून म्हणतात. ती ओळ पहिल्या अर्ध्यात येते. म्हणजे मला फक्त 'आम्हां पाप्यांसाठी' आणि 'मरणाच्या वेळी' एवढंच म्हणावं लागे, आणि ते मला सहज जमत होतं. सात महिने मी अर्धीच नमो मारिया म्हणत होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जपमाळ म्हणताना येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग आठवायचे, एकेकाला दहा नमो मारिया; त्या प्रसंगांना रहस्यं म्हणतात. शुक्रवारी दुःखाची रहस्यं असतात. बाग, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस, मरण. ती मला सोपी गेली, अगदी घरच्यासारखी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि सोयाबीन, काळ्या मातीचा चिखल चपलेला थरावर थर चिकटतोय, मागून ट्रक हॉर्न मारतायत आणि आम्ही गेथशेमानीच्या बागेत. ओळीओळीने एकेक जण रहस्य सांगायला पुढे जायचा. आमची ओळ जवळ आली तशी मी बूट सैल झाल्याचं निमित्त करून मागे राहिले. वळणच्या मावशींनी एकदा वळून बघितलं.

मुक्काम बाभळेश्वरला, एका शाळेच्या ओट्यावर. पिठलं-भाकरी. पायाला दोन फोड आले होते, नवरा सुईत दोरा ओवून ते फोडत होता. मान खाली घालूनच म्हणाला, "तुला सांगायचं होतं. बाळाला मी माझ्या पांढऱ्या रुमालात घेतलं होतं. मिस्साला नेतो ना, तो." आपल्या दफनभूमीत, कुंपणाजवळच्या कडुलिंबाखाली, तो आणि धाकटा दीर. फादर आले होते. मला हे काहीच माहीत नव्हतं. तो रुमाल कुठे गेला म्हणून मी ईस्टरला त्याच्यावर चिडले होते.

"मुलगा का मुलगी?" मी विचारलं.

"बघवलं नाही," तो म्हणाला. मग दुसऱ्या पायाचा फोड फोडला.

सकाळी पाचला निघालो. श्रीरामपूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडत होतं. शनिवार, म्हणजे आनंदाची रहस्यं. हा वार माझ्या डोक्यातच आला नव्हता, नाहीतर बहुतेक एसटीने गेले असते. आनंदाची पहिली तीन रहस्यं म्हणजे काय, तर दूत येऊन मरियेला दिवस राहणार म्हणून सांगतो, मग ती पोटुशी अलीशिबेला भेटायला जाते आणि अलीशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं, मग गोठ्यात जन्म. माझ्या बाळाची उडी मला एकदाच कळली होती, तीसुद्धा मी गॅस म्हणून सोडून दिलेली.

दुसरं रहस्य संपता संपता मावशी माझ्या शेजारी आल्या. "चौथं तुझं," म्हणाल्या.

"मावशी, मला नाही जमायचं."

"माळ हाये की हातात."

"ती ओळ नाही जमत. उदराचं फळ."

त्या काही बोलल्या नाहीत. कालव्याच्या पुलापर्यंत आम्ही तशाच चाललो. भंडारदऱ्याचं पाणी काठोकाठ, गढूळ. मग म्हणाल्या, "माझी तीन गेली. दोन पोटात, एक सव्वा महिन्याचं. चौथा ह्यो." टेम्पो चालवणाऱ्याकडे त्यांनी हनुवटी केली. चाळिशीचा, टक्कल पडलेला, कर्ण्याच्या वायरीशी झटत होता.

"मग तुम्ही म्हणायच्या कशा?"

"माझं कुठं म्हणायचंय? 'तुझ्या' म्हणायचंय. तिच्या." मूर्तीकडे हात. "आन् तिचं तरी कुठं राह्यलं बाई तिच्यापाशी?"

तिसरं संपलं. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी सांगितलं, "चौथं रहस्य, बाळ येशूला मंदिरात अर्पण करतात." हे रहस्य मी शेकडो वेळा म्हटलंय. पण त्यात काय आहे, ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. कबुतरांची जोडी घेऊन आलेले गरीब नवराबायको. म्हातारा शिमोन बाळाला हातात घेतो, देवाचे आभार मानतो आणि त्याच दमात आईला सांगतो, तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. हे आनंदाच्या रहस्यांत बसवलंय. कुणी बसवलं असेल? दुःखाच्या पाचांत सहज बसलं असतं.

पहिली नमो मारिया गेली. दुसरीला 'उदराचे' म्हटलं आणि आवाज गेला. नुसता कर्णा खरखरला. मी थांबले, पण मागचे थांबले नाहीत. छत्तीस गळ्यांनी 'हे पवित्र मारिये' उचललं आणि पुढे निघाले, जणू मी सगळं नीट म्हटलंय. तिसरीला परत तेच. चौथीला मला 'फळ' म्हणता आलं. पुढच्या मोजल्या नाहीत, मणी बोटांनीच मोजले. दहा झाल्यावरची 'गौरव' ही प्रार्थना म्हणायची विसरले, ती मावशींनी म्हटली.

आपण आता रडणार असं वाटलं होतं. रडू आलं नाही, भूक लागली. खरी, पोटात कालवणारी भूक, फेब्रुवारीपासून अशी लागली नव्हती. श्रीरामपूरला एका घरी न्याहारीची सोय होती. मी बाजरीच्या दोन भाकरी ठेच्याशी खाल्ल्या आणि तिसरीचा अर्धा नवऱ्याच्या ताटातून उचलला. तो बघत होता, काही म्हणाला नाही.

हरेगावात गर्दी इतकी की शेवटचा टप्पा पाऊल पाऊल सरकत काढला. गोडीशेव, रेवड्या, मेणबत्त्यांचे ढीग, प्लास्टिकच्या जपमाळा, पाळण्याचा भोंगा, नाशिकच्या, संभाजीनगरच्या गाड्या. आमच्या पुढे रांगेत एक तरुण जोडपं, खांद्यावर पाचेक महिन्यांचं बाळ, जावळ न काढलेलं. नवस फेडायला आलेले. बाळ माझ्याकडे बघून लाळ गाळत होतं. मला मान वळवावीशी वाटली आणि मी ती वळवली. सगळं एका दिवसात होत नाही. थोड्या वेळाने परत बघितलं तेव्हा ते झोपलं होतं.

मूर्तीपाशी काही मागितलं नाही. मेणबत्ती ठेवली, आणि मागून स्वयंसेवकाने "चला ताई, चला" म्हणत पुढे काढलं. एवढंच दर्शन.

बाहेर मंडपात मिस्साचे हेतू, म्हणजे कुणासाठी प्रार्थना करायची ते, लिहून घेत होते. टेबलामागे कॉलेजातला एक मुलगा, समोर लांब वही. आजाऱ्यांसाठी, परीक्षेसाठी, मृतांसाठी. मी रांगेत का उभी राहिले, मला नक्की सांगता येणार नाही. नवरा शेजारी आला.

"मृतांसाठी," मी म्हणाले.

"नाव?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. नाव ठेवलंच नव्हतं. "बाळ," नवरा म्हणाला, आणि पुढे आमचं आडनाव सांगितलं.

मुलाने पेन उचलून वर बघितलं. "लहान होतं का?"

"साडेचार महिन्यांचं," मी म्हणाले.

त्याने तसंच लिहिलं. त्याला जन्मल्यावरचे साडेचार महिने वाटले असणार. मी दुरुस्त केलं नाही. त्याने पावती फाडली, सुटे मागितले, आणि मागच्या माणसाला म्हणाला, "बोला, नाव?"