परवान्याचे नूतनीकरण आणि वायरमनचे शिक्षण

वायरमनच्या परवान्याचे नूतनीकरण म्हणजे अर्ज आणि शुल्क, एवढेच समजण्याची सवय आपल्या व्यवसायात खोलवर रुजली आहे आणि मला ती मनापासून खटकते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० साली आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय विद्युत संहिताही त्याच वर्षी सुधारून प्रसिद्ध झाली. ज्याने आयटीआयमध्ये वीस वर्षांपूर्वी शिक्षण घेतले, त्याच्यापर्यंत हे बदल कोणी पोहोचवायचे?

प्रश्न केवळ कागदाचा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेनंतर छतांवर सौर पॅनेल वाढली आहेत, आणि मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) तारांत विद्युत दाब कायम राहतो, ही गोष्ट एसी (दिशा बदलत राहणाऱ्या घरगुती विजेच्या) जोडणीवर हात बसलेल्या कारागिराला आपोआप कळत नाही. तसेच, इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरमधून सपाट, म्हणजे चढउतार नसलेल्या, डीसी विजेची गळती झाली, तर घरातील साधी एसी प्रकारची आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण) आंधळी होऊ शकते, म्हणजे तिला गळती कळत नाही. अशा वेळी तिच्यावरचा ३० मिलीअँपिअर हा गळतीच्या मर्यादेचा आकडा पाहून निर्धास्त राहणे जिवावर बेतेल.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात इलेक्ट्रिशियनला दरवर्षीच्या नूतनीकरणासाठी चार तासांचे शिक्षण घ्यावे लागते, आणि त्यात संहिता, सुरक्षा व कायदा हे विषय असतात. महाराष्ट्रात जवळच्या आयटीआयमध्ये, मराठीतून, रोजंदारी न बुडवता रविवारी असा वर्ग भरवता येईल. मात्र त्यात प्रत्यक्ष मीटर हाती घेऊन अर्थिंगची चाचणी करून घेतलीच पाहिजे.