दोन बोटं जास्तीचं पाणी

ओंडक्याला दोन खाचा होत्या. वरून आलेला पाट त्या ओंडक्यापाशी दुभंगत होता. एक फाटा डावीकडच्या खाचरांना जात होता, दुसरा दरीच्या बाजूनं खालच्या शेतांकडं. मी टेप लावला. डावी खाच २० सेंटिमीटर, उजवी २४. हातातल्या कागदावर मात्र दोन्हीकडचं क्षेत्र जवळपास सारखं होतं. पुन्हा मोजलं, तेवढंच आलं.

गेली अठरा वर्षं मी नाशिक जिल्ह्यात पाणी वापर संस्थांबरोबर काम करतोय. पाणी मागणीचे नमुना सातचे अर्ज, आवर्तनाच्या तारखा, रात्रीत वाकवलेली गेटं, हेडवाला (कालव्याच्या तोंडाशी असलेला) आणि टेलवाला (शेवटाला असलेला) यांच्यातली भांडणं हे माझं रोजचं. त्यामुळं खाच मोठी दिसली की माझ्या डोक्यात आधी चोरीच येते. तशीच ती त्या दिवशी बालीतही आली, आणि मी बोलून गेलो, "ही कुणी कोरून वाढवली?"

आमची दुभाषी मुलगी क्षणभर थांबली. मग तिनं बहुतेक माझा प्रश्न जरा मऊ करून विचारला. पाटाच्या कडेला उकिडवा बसलेला पकासेह, म्हणजे सुबाकचा (तिथल्या पाटावरच्या शेतकरी मंडळीचा) प्रमुख, हसला नाही आणि रागावलाही नाही. त्यानं जास्तीच्या जागेवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाला, "ही आम्ही दिलीत."

आम्ही बालीच्या तबानान जिल्ह्यात होतो, जातिलुविहच्या खालच्या अंगाला. देनपासारहून पहाटे निघालो तेव्हा रस्ता स्कूटरनं भरलेला होता. पुढं बांधाएवढ्या रुंदीचे वळणरस्ते लागले, आणि दोन तासांनी समोर बातुकारू पर्वत आला. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी भाताची खाचरं. लाल भाताची कापणी उरकली होती, कुठं नुसत्या धसकटांत पाणी भरून ठेवलेलं, कुठं हिरव्यागार रोपांचे वाफे. ऑगस्टचे शेवटचे दिवस, म्हणजे त्यांच्याकडं कोरडा हंगाम. पाणी मोजायचं तर हाच काळ योग्य, म्हणून आम्ही तो निवडला होता.

सुबाक म्हणजे एका पाटावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांची मंडळी. अकराव्या शतकातल्या ताम्रपटांत तिचा उल्लेख सापडतो. २०१२ साली युनेस्कोनं या भूदृश्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. पण ज्याला आपण संस्था म्हणतो त्यापेक्षा हे वेगळं आहे, कारण सुबाकचं स्वतःचं देऊळ असतं, स्वतःचे लेखी नियम असतात (त्यांना ते अविग-अविग म्हणतात) आणि नियम मोडला तर दंड असतो. दंडाला त्यांचा शब्दही 'दंडा'च. देवळातलं पवित्र पाणी 'तीर्ता', भाताची देवी 'देवी श्री'. एवढ्या लांब येऊन ओळखीचे शब्द ऐकले की पोटात कालवतं. जमीनही ते 'आरे'त मोजतात, आपल्या सातबाऱ्यावरचा आर तोच. आमच्याबरोबरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन पस्तीस आर. मनातल्या मनात मी तिचे पस्तीस गुंठे केले आणि मग कुठं त्या माणसाचा संसार डोळ्यांपुढं आला.

तो खाच असलेला ओंडका म्हणजे 'तंबुकू'. पाणी कुणाच्या मनावर सोडायचं नाही, ओंडक्यानं वाटायचं, हा त्यामागचा विचार. पाट भरून आला किंवा रोडावला तरी वाटणीचं प्रमाण तेच राहतं. आता पुष्कळ ठिकाणी ते सिमेंटचे झालेत. उजवी खाच मोठी का, तर खालची शेतं लांब आहेत, मधल्या मातीत पाणी मुरतं. म्हणून लांबच्याला थोडं जास्त द्यायचं. याला त्यांच्याकडं 'पलाम्पियास' म्हणतात.

मला जो प्रश्न अठरा वर्षं छळतोय तो इथं विचारायलाच हवा होता. पाट वरच्याच्या शेताजवळून जातो. त्यानं रात्री मूठभर चिखल लावला तर कोण बघणार? मग तो खालच्याला जास्त द्यायला तयार का होतो? आमच्याकडं मी याचं उत्तर म्हणून कायदा सांगतो, गावकीची लाज सांगतो. टेलकडून हेडकडं पाणी द्यायचा नियम आहे, तोही सांगतो. लोक मान डोलावतात आणि तिसऱ्या दिवशी गेट वाकलेलं असतं.

उत्तर दिलं म्हाताऱ्यानं, शेतातल्या झापाखाली कॉफी पिताना. कॉफी तिथली गाळ न गाळता उकळीच्या पाण्यात ढवळलेली, गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात तो बोलला.

"त्यांना पाणी मिळालं नाही तर ते उशिरा लावतील. उशिरा लावलं की उशिरा पिकेल. मग माझं कापून झालं की उंदीर त्यांच्याकडं, त्यांचं कापलं की परत माझ्याकडं. वर्षभर जेवण."

मी वहीत लिहायचं थांबलो. पाण्याचा हिशेब मांडताना उंदीर माझ्या रकान्यात कधीच नव्हते.

सगळ्यांनी एका वेळी लावायचं, एका वेळी कापायचं आणि मग शेकडो खाचरं एकदमच मोकळी ठेवून पाण्याखाली घालायची. उंदरांना, तुडतुड्यांना त्या काळात खायला काही उरत नाही. वरच्याला पाण्याची चिंता नाही, किडीची आहे. खालच्याला पाण्याची आहे. दोघांची भीती वेगळी, पण सोडवणूक एकच. अर्थात सगळ्या डोंगरानं एकाच दिवशी लावलं तर पाणी पुरणार नाही, म्हणून शेजारच्या सुबाकांच्या तारखा मागंपुढं ठेवतात. किती जणांनी एकत्र यायचं, किती अंतर ठेवायचं, हे ठरतं देवळांच्या बैठकीत. स्टीफन लान्सिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं एका पर्यावरणशास्त्रज्ञाबरोबर हे संगणकावर मांडून पाहिलं, तेव्हा देवळांच्या पातळीवरच्या एकोप्यातच उत्पादन सर्वांत चांगलं निघालं.

म्हाताऱ्यानं उलटा काळही पाहिला होता. सत्तरच्या दशकात नवी लवकर येणारी बियाणी आली आणि जमेल तितक्या वेळा लावा असा सल्ला आला. पहिली काही वर्षं कणग्या भरल्या. मग जो तो आपापल्या तारखेला लावू लागला, रान कधी मोकळं राहीना, आणि तपकिरी तुडतुडे आले. फवारणीनं तुडतुडे खाणारे कोळी मेले, तुडतुडे वाढले. १९८६ मध्ये अध्यक्ष सुहार्तो यांनी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, तो निर्णय देशभराच्या अशाच अनुभवातून आला होता. "पाणी तेव्हाही तेवढंच होतं," म्हातारा म्हणाला.

मला आमच्या पांझरा नदीकाठचे फड, म्हणजे एका पाटावर भिजणारे शेतांचे गट, आठवले. एका फडात एकच पीक, पाणी सोडणारा पाटकरी सांगेल तशी पाळी. प्रशिक्षणात मी ती पद्धत पाणीवाटपाचा नमुना म्हणून कितीदा सांगितली असेल. एका फडात एकच पीक का, याच्याकडं किडीच्या बाजूनं मी कधी पाहिलं नव्हतं. घरी गेल्यावर जुन्या माणसांना विचारायचं, असं वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं.

झापाच्या वर, रस्त्याकडेला, एका खाचरात खांब उभे राहत होते. पाहुण्यांसाठी खोल्या. म्हाताऱ्याचा मुलगाही गाडी चालवतो, समुद्रकिनारी पर्यटक नेतो, आणि त्या पैशानंच यंदा बियाणं आलं. शेतातली जागा गेली की पाण्याचा वाटा तर जातोच, पण पाट साफ करायला येणारे दोन हातही जातात. हे सांगताना तो खांबांकडं बघत नव्हता, पाटाकडं बघत होता.

दुपारनंतर एक बाई बांधावरून आली. उंदरांच्या बिळांनी तिचा बांध रात्री फुटला होता, पाणी खालच्या पायरीत गेलं आणि रोपं सुकायला लागली होती. तिला दोन रात्रींचं पाणी उसनं हवं होतं. अशा उसनवारीला 'सालिंग पिंजाम' म्हणतात, एकमेकांकडून घेणं. तिची नजर डाव्या खाचेच्या मालकाकडं होती, म्हणजे आमच्या म्हाताऱ्याकडंच.

मी वही उघडून बसलो होतो. पाणी परत कधी, किती, लिहून कोण ठेवणार, हे मला टिपायचं होतं. त्यानं यातलं काहीच विचारलं नाही. त्याचा एकच प्रश्न होता, दुभाषीनं तो मला हळू आवाजात सांगितला:

"लावून कधी होईल?"

"परवा संध्याकाळपर्यंत."

"मग आजच घे."

तो उठला. सकाळी मी टेप लावलेल्या ओंडक्यापाशी गेला, पाटातून मूठ-दोन मुठी चिखल आणि धसकटं काढली आणि आपल्याच खाचेत निम्म्यापर्यंत दाबून बसवली. उजव्या बाजूचं पाणी चढायला लागलं.