उन्हाळ्याआधीची मास्क तपासणी : जीपी-५ आणि एस-१०

आखाजीच्या आधीच माझ्या संग्रहातले दोन्ही जुने गॅस मास्क (विषारी वायूपासून बचावाचे) तपासून घेतले. आपल्याकडे पारा ४४-४५ वर गेला की पत्र्याच्या खोलीत रबर फार लवकर कडक होतं, म्हणून हे काम मी मे महिन्यावर टाकत नाही.

सोव्हिएत जीपी-५ ची तब्येत चांगली आहे. १९६० च्या दशकापासून नागरी संरक्षणासाठी बनलेला हा मास्क अख्ख्या डोक्यावरून ओढून घालायचा. पट्टे नाहीत, त्यामुळे सगळा ताण रबरावरच. घडीच्या जागा, काचांच्या कडा आणि हनुवटीखालचा भाग बोटांनी हलकेच ताणून तिरप्या उजेडात पाहिला. हवेतल्या ओझोन वायूमुळे रबराला पडणाऱ्या भेगा ताणाला आडव्या पडतात. मास्क नुसता ठेवलेला असताना त्या नजरेला येत नाहीत. एका काचेजवळ बारीक रेघा आहेत. मागच्या फोटोशी ताडून पाहिल्या, वाढलेल्या नाहीत. खूप बरं वाटलं.

खरा वेळ गेला तो ब्रिटिश एस-१० वर. उच्छ्वासाच्या व्हॉल्व्हची चकती जुन्या पावडरीमुळे नीट बसत नव्हती. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग सावलीत वाळवण. स्पिरिट, पेट्रोल तर नाहीच, पण चमक यावी म्हणून खोबरेलही लावू नका. तेल पिऊन नैसर्गिक रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं. चकती बसवल्यावर फिल्टर न लावता मास्क घातला, आटे असलेलं तोंड तळहाताने दाबलं आणि श्वास ओढला. मास्क गालांना चिकटला आणि तसाच राहिला, म्हणजे गळती नाही.

नव्या मंडळींसाठी एक कळकळीचं सांगणं. जुने फिल्टर श्वासाला लावू नका, फोडून तर अजिबात पाहू नका. जीपी-५ च्या जुन्या फिल्टरांत अ‍ॅस्बेस्टस आढळलेलं आहे. माझे फिल्टर झाकण लावून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून वेगळे ठेवलेत. शिवाय दोन्ही मास्कचं तोंड ४० मिमीचं असलं तरी जीपी-५ चे सोव्हिएत आणि एस-१० चे नाटो आटे एक नाहीत. जबरदस्तीने फिरवलं तर आटे जातात.

आता दोन्ही मास्क गावच्या धाब्याच्या घरात, मधल्या खोलीत ठेवलेत. मातीचं छत, जाड भिंती, ऊन नाही. पाण्याची मोटरही लांब आहे. मोटरच्या ठिणग्यांमधून ओझोन तयार होऊ शकतो. आत मऊ सुती कापड भरलंय, घडी कुठेच नाही.

एस-१० चे पट्टे थोडे सैल वाटतात, ते बदलायचे आहेत. पोळ्याच्या सुमारास बुरशी पाहायला पुन्हा उघडीन.