वजनांची वही

२०१७ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मी साताऱ्यात पहिल्यांदा जिममध्ये नाव नोंदवले. बँकेतील नोकरी, दिवसभर खुर्ची, वजन ६१ किलो आणि उंची पाच फूट आठ इंच, अशी माझी तेव्हाची स्थिती होती. ट्रेनरने पहिल्याच दिवशी वेळापत्रक सांगितले: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड आणि शुक्रवारी पाय. त्या-त्या दिवशी त्या एकाच भागावर पंधरा-सोळा सेट, म्हणजे व्यायामाच्या फेऱ्या, मारायचे. दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना हात वर झाला नाही, की व्यायाम नीट झाला असे समजायचे, आणि मीही तसेच समजत होतो.

हा प्रकार तीन वर्षे चालला. बॉडीला सवय होते म्हणून दर दोन महिन्यांनी व्यायाम बदलले जात. कधी बँकेच्या शाखेत उशीर झाला आणि पायांचा शुक्रवार बुडाला, की पायांवर वजन पडायला मध्ये चौदा दिवस जात. बुडालेला दिवस बहुतेक वेळा पायांचाच असे, हा निव्वळ योगायोग होता असे मी म्हणणार नाही. बेंच प्रेसवर, म्हणजे बाकावर उताणे पडून वजनाचा रॉड छातीवरून वर ढकलण्याच्या व्यायामात, मी ६० किलोचे दहा रेप (एका सेटमधल्या आवृत्त्या) मारतो, असे मी घरी अभिमानाने सांगत असे. परंतु त्यातील शेवटच्या चार रेपना ट्रेनरचा सपोर्ट असे आणि वजन नक्की कोण उचलत होते, हे त्याचे त्यालाच ठाऊक. तीन वर्षांत माझे वजन ६१ वरून ६३ किलोवर आले आणि त्यातलेही काही पोटाकडेच गेले होते.

मार्च २०२० मध्ये जिम बंद झाल्या आणि महाराष्ट्रात त्या दसऱ्याला उघडल्या. मधल्या सात महिन्यांत मी घरी जोर-बैठका काढत होतो आणि दुसरे काही सुचत नसल्यामुळे भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत रोजचे आकडे लिहीत होतो. एप्रिलमध्ये एका दमात आठ जोर होत होते. सप्टेंबरच्या पानावर एकतीसचा आकडा होता. त्या दोन पानांकडे पाहताना मला कळले, की तीन वर्षे पैसे भरून केलेल्या व्यायामाचा असा एकही आकडा माझ्यापाशी नाही. मी बलवान होतो आहे की नाही, हे मी केवळ अंगदुखीवरून ठरवत आलो होतो.

त्यानंतर मी या विषयावरचे वाचन सुरू केले. वजन हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत १९४० च्या दशकात थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांसाठी वापरली होती, आणि आजच्या पद्धतींच्या मुळाशी तेच तत्त्व आहे: शरीर आजच्या भाराला सरावले, की भार थोडा वाढवायचा. त्यासाठी कालचा भार लिहिलेला असावा लागतो आणि व्यायामही तोच राहावा लागतो. दर दोन महिन्यांनी व्यायाम बदलणाऱ्याला वाढ मोजताच येत नाही. शिवाय नव्या व्यायामात सुरुवातीला जी झपाट्याने प्रगती दिसते, तिच्यातील बरीचशी ती हालचाल अंगवळणी पडल्यामुळे होते, स्नायू वाढल्यामुळे नव्हे.

दसऱ्यानंतर महिन्याभरात माझी लातूरला बदली झाली आणि तेथे मी दोनशे पानी वही घेऊन सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस, आणि प्रत्येक दिवशी पायांचा एक, ढकलण्याचा एक आणि ओढण्याचा एक, असे तीन मुख्य व्यायाम. वेळ उरल्यास दंडांचे दोन-तीन सेट. स्क्वॉट (रॉड खांद्यांवर घेऊन बैठका), बेंच प्रेस, रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणे), रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून रॉड उचलणे), खांद्यांची प्रेस (रॉड डोक्यावर ढकलणे) आणि लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे खाली ओढणे), एवढ्या सहांपलीकडे फारसे काही नव्हते. एक दिवस बुडाला तरी शरीराचा कोणताही भाग पंधरवडाभर उपाशी राहत नाही, हे नोकरदार माणसाच्या दृष्टीने या आखणीचे सर्वांत मोठे सुख आहे. प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, प्रत्येकी सहा ते दहा रेप. तिन्ही सेटमध्ये दहा झाले की वजन वाढवायचे, मग रेप सहा-सातवर येतात आणि तेथून पुन्हा दहाकडे जायचे. आणखी एक-दोन रेप निघतील असे वाटत असतानाच सेट थांबवायचा, दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटे बसायचे आणि सपोर्ट फक्त रॉड अंगावर पडू नये एवढ्यापुरता घ्यायचा. बेंच प्रेसवर सपोर्टशिवाय माझे खरे दहा रेप ४० किलोचे निघाले. ते वहीत लिहिताना हात जरा जड झाला होता.

वही ठेवू लागल्यावर ज्या अडचणी समोर आल्या, त्यांच्याविषयी मला कोणीच सांगितले नव्हते. पहिली अडचण रॉडची होती. पुरुषांच्या स्पर्धेतील प्रमाणित रॉडचे, म्हणजे ऑलिम्पिक बारचे, वजन २० किलो असते, परंतु आपल्याकडील लहान जिममध्ये निरनिराळ्या वजनांचे रॉड असतात. लातूरच्या जिममधला रॉड हातात घेऊन मी वजनकाट्यावर उभा राहिलो, माझे वजन त्यातून वजा केले आणि तो १० किलोचा निघाला. तेव्हापासून मी रॉडसह एकूण वजन लिहितो. नाहीतर पुढच्या बदलीनंतर सगळे आकडे निरुपयोगी झाले असते.

दुसरी अडचण प्लेटची, म्हणजे रॉडला लावायच्या वजनाच्या चकतीची होती. तेथील सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची, म्हणजे दोन्ही बाजूंना लावली की एकदम ५ किलोंची वाढ. स्क्वॉटमध्ये ८० चे ८५ झाल्यास ती वाढ सहा टक्क्यांची होते आणि पेलते. खांद्यांच्या प्रेसमध्ये २५ चे ३० म्हणजे थेट वीस टक्के. त्या एका व्यायामात मी चार महिने अडकून पडलो होतो आणि दोष माझ्या खांद्यांना देत होतो. शेवटी सव्वा किलोच्या दोन प्लेट विकत घेतल्या आणि त्या डब्याच्या पिशवीतून नेऊ लागलो. एवढ्या खर्चाचा दुसऱ्या कशाचाही मला इतका उपयोग झालेला नाही.

आहाराच्या बाबतीत मी शाकाहारी असल्यामुळे हिशेब मांडणे भाग होते. स्नायू वाढविण्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी असतात, म्हणजे मला तेव्हा दिवसाला शंभर ग्रॅम. दिवसभराच्या सहा पोळ्यांतून वीस-बावीस ग्रॅम येतात, हे पाहून मला आश्चर्य वाटले. उलट वरणाच्या वाटीवर माझी जी श्रद्धा होती, ती पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम असतात हे कळल्यावर ओसरली. भात, उसळ आणि दही धरूनही बेरीज पंचावन्नच्या पुढे जाईना. त्यात पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांचे सव्वीस आणि अर्धा लिटर दुधाचे सोळा मिळवले, की थोडेच उरते आणि तेवढे पनीर भरून काढते. प्रोटीन पावडर मी प्रवासातच वापरतो. पत्नीने सोयाबीनची भाजी आठवड्यातून चारदा करायला ठाम नकार दिल्यावर ती मी स्वतः शिकलो.

दुसऱ्या वर्षी प्रगती मंदावली, तेव्हा मी घाईने सेट दुप्पट केले आणि दोन महिन्यांत गुडघा दुखू लागला. वही चाळली तर आकडे वर जाण्याऐवजी खाली येत होते. सेट पूर्ववत केले आणि दर आठ आठवड्यांनी एक आठवडा निम्मे सेट करण्याचे ठरवले. हा हलका आठवडा मी तारखा पाहून बसवतो. मार्चअखेर त्यातलाच एक असतो, कारण त्या दिवसांत रात्री दहाला घरी येणारा माणूस तसाही धड झोपलेला नसतो. गणपतीत आणि दिवाळीत जे खाडे होतात, ते आता भरून काढायला जात नाही. परत आल्यावर रॉडवरचे वजन सुमारे दहा टक्के कमी करून सुरू केले, की दोन-तीन आठवड्यांत जुना आकडा गाठता येतो, असे वहीतील तीन दिवाळ्या सांगतात.

आता मी ठाण्यात आहे. वजन ६९ किलो, दंड साडेअकरा इंचांवरून साडेतेरा, स्क्वॉट ९५ किलोचे तीन सेट. पहिल्या वर्षी रॉडवरचे वजन दर पंधरवड्याला वाढत होते, आता वर्षातून तीन-चारदा वाढते. खांद्यांच्या प्रेसमध्ये ४२.५ किलोवर सध्या ८, ७, ७ असे रेप निघतात. गेल्या वेळचा वेग पाहता तिन्ही सेट दहावर यायला पावसाळा संपेल.